पहिल्या रांगेतली वरमाय

आवडी, चेन्नई
शर्यतीनंतरचा बुधवार (आज ओट्याची पायरी उतरता आली)

ती. वन्सं यांस,

खाली वाकता येत नाही म्हणून कल्पनाचा नमस्कार उभ्या-उभ्याच पोचवून घ्या. गुडघे ताळ्यावर आले की राहिलेला अर्धा मिरजेला येऊन करीन. तुमची दाढ काढली का, की अजून लवंगेवरच दिवस ढकलताय? भावजींचा खोकला कसा आहे? गुंडोचं कुठे जमलं का, की चिरंजीवांना अजून एकही मुलगी पसंत पडत नाही? इकडे तुमचे भाऊ बरे आहेत. त्यांना काय होतंय, फॅक्टरीतून येतात, जेवतात, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपतात.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तुम्ही म्हणणार. वन्सं, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी "हॅलो" म्हणते आणि तुम्ही ठेवता तेव्हा परत "बरं" म्हणते, मधलं सगळं तुमचं. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते. चौथीनंतर शाळेशी माझा संबंध अद्वयचा डबा पोचवण्यापुरताच आला, तेव्हा अक्षराकडे बघू नका, मजकुराकडे बघा.

ऊर्मीला दिवस गेलेत हे तुम्हाला कळलंच आहे. दसऱ्याला बातमी आली आणि त्याच दिवसापासून भांडण सुरू झालं, बाळंतपण कुठे करायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं. पण माहेर कुठे, तर तिरुवल्लिकेणीत, देवळामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने परत जायचं. आमचं क्वार्टर बैठं, पुढे अंगण, मागे शेवग्याचं झाड. आणि मला मुलगी नाही, वन्सं. सुनेचं तरी करावं असं वाटलं तर त्यात वावगं काय? पण हे बोलायचं कोणाशी? लग्नापासून विहीणबाईंचं आणि माझं बोलणंच नव्हतं. का नव्हतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फोटोच्या वेळी मला दुसऱ्या रांगेत उभं केलं म्हणून तुम्ही मांडव डोक्यावर घेतलात, वरमाय पहिल्या रांगेत हवी म्हणजे हवीच, आणि तोवर सांबार गार झालं. (सांबाराचं मला काही नव्हतं. पण तेव्हापासून मीनाक्षीबाई आणि मी एकमेकींना निरोप धाडायचो ते ऊर्मीच्या तोंडून.)

त्यात या मीनाक्षीबाई तंजावरकडच्या जुन्या मराठी. त्यांचं बोलणं ऐकलं की कीर्तनकार बुवांनी मध्येच तमिळ भाजीवालीशी घासाघीस करावी तसं वाटतं. मला निम्मं कळत नाही आणि जे कळतं ते इतकं अदबीचं असतं की भांडायला कुठे हात घालावा ते समजत नाही.

तर दोन्हीकडचे निरोप वाहून पोरगी कावली. तिने आणि अद्वयने दोघांनी मिळून इथल्या मोठ्या शर्यतीत नाव घातलं होतं, दहा किलोमीटर. (ही दोघं सिरुसेरीला कंपनीत दिवसभर खुर्चीत बसतात आणि रविवारी पैसे भरून पळतात. मला नका विचारू.) डॉक्टरीणबाईंनी ऊर्मीला पळायला मनाई केली, आणि बायको नाही तर मीही नाही म्हणून अद्वय फुगून बसला. नंबर दुसऱ्याच्या नावावर करून देत होते. एके रविवारी ऊर्मीने आम्हा दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं, दोन नंबर आहेत, दोघी पळा, जी आधी पोचेल तिच्याकडे मी बाळंतपणाला जाते, आणि तोवर या विषयावर कोणी अवाक्षर काढायचं नाही. मला वाटलं मीनाक्षीबाई नको म्हणतील, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या आहेत. त्या म्हणाल्या, "सरी." म्हणजे ठीक आहे. मग मी कशी मागे हटणार?

सरावाचं थोडक्यात सांगते. पहाटे क्वार्टरांच्या रस्त्याने मी पुढे, माझ्यामागे तिथली तीन कुत्री आणि कुत्र्यांच्या मागे स्कूटरवर तुमचे भाऊ, हातात पाण्याची बाटली. पहिल्या दिवशी मी पाण्याच्या टाकीपर्यंत पोचले आणि परत स्कूटरवर बसून आले. पोंगलच्या आधी मात्र टाकीला वेढे घालायला लागले होते आणि कुत्र्यांनी नाद सोडला होता. अद्वयने खायला पुड्या आणून दिल्या, पळता पळता चोखायच्या. खोकल्याच्या औषधात कोणी जाम कालवला तर लागेल तशा. मी आपले शेंगदाण्याचे लाडू घेतले. तेव्हाच तुमचा फोन आला होता, आठवतंय? तुम्ही सांगितलंत, "कल्पना, तू वरमाय आहेस, अगदी पुढे उभी राहा, मागे राहिलीस तर मला तोंड दाखवू नकोस." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आत नेपियर पुलापाशी पोचलो तर ही जत्रा. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. मी टी-शर्ट घातला, पण त्यावर ओढणी घेतली, पिना लावून. पायात अद्वयने आणलेले बूट. उभं राहायला दोऱ्या लावून कप्पे केलेले होते, जोरात पळणारे पुढे, आमच्यासारख्या मागे. विहीणबाई निमूटपणे मागच्या कप्प्यात जाऊन समुद्राला नमस्कार करत उभ्या राहिल्या. मी कशाला राहते? दोरीखालून वाकून एकेक कप्पा ओलांडत मी अगदी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले. आजूबाजूला काटक्यांसारखी पोरं, चड्डीत. एकाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी त्याला सांगितलं, मुलाकडची आहे. त्याने सरकून जागा दिली.

भोंगा वाजला आणि वन्सं, अख्खं मद्रास माझ्या अंगावरून गेलं. उजवीकडून, डावीकडून, एक तर माझ्या ओढणीचं टोक घेऊन निघाला होता. पोरं गेली, बाया गेल्या, काठी घेतलेले एक आजोबा गेले. कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे मला "पाट्टी, सूपर" म्हणून ओरडत होते. पाट्टी म्हणजे आजी. अजून व्हायची आहे मी. पण थांबून भांडायला दम नव्हता.

दीपस्तंभ यायच्या आधीच बुटांनी दगा दिला. बूट चांगले होते, पण आतल्या जोडव्यांना जागा कुठे? दुकानदाराला काय माहीत की या पायांत बोटागणिक चांदी आहे. सरावाला मी सपातांवर जात होते, नवे बूट शर्यतीसाठी राखून ठेवले होते (सणाला नवं घालायचं असतं, या हिशोबाने). प्रत्येक पावलाला जोडवं बोटात रुतत होतं. जोडवी काढा म्हणाल तर ती मी बाळंतपणातही काढली नाहीत. म्हणून बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले आणि अनवाणी निघाले. मग मात्र बरं चाललं. मरीनाचा डांबरी रस्ता पहाटे गार असतो, आणि मला माहेरच्या विहिरीकडची पायवाट आठवली. तेवढ्यात शेजारून मीनाक्षीबाई गेल्या. नऊवारी, पांढरे बूट, तोंडाने काहीतरी स्तोत्र. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या गळ्यातल्या बुटांकडे बघितलं.

मी पेटले. सांतोम गेलं, रस्त्याकडेला ढोल बडवणारी पोरं गेली, केळी वाटणारे गेले (दोन घेतली, एक ओढणीत बांधलं), पण ते नऊवारी काही हाती लागेना. अड्यारच्या पुलाचा चढ लागला आणि बघते तर बाई कठड्याला टेकून खाली बसलेल्या, पोटरीत गोळा आलेला, तोंड पांढरं. मी पुढे गेले. खोटं कशाला सांगू, चांगली पुलाच्या मध्यापर्यंत गेले, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंगणात बांधलेला पाळणा यायला लागला. पण मागे वळून बघितलं तर माणसं त्यांना वळसा घालून पळत होती, कुणी थांबत नव्हतं. आणि ऊर्मीने विचारलं असतं, माझी अम्मा कुठे आहे, तर मी काय दाखवणार होते, केळं? परत गेले. चढ उतरून परत जाणं काय असतं ते तुम्ही पळालात की कळेल.

पोटरी रगडली, ओढणीतलं केळं खायला घातलं. त्या म्हणत होत्या, "तुम्ही पुढें व्हा, मजसाठीं खोळंबूं नका." मी म्हटलं, आधी पाय ओढू नका, सरळ धरा. मग दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून चालायला लागलो. लग्नानंतर पहिल्यांदा सरळ बोललो. त्या सांगत होत्या, जिना अरुंद आहे, पाणी टँकरचं आहे, सगळं ठाऊक आहे. पण पोरगी गेल्यापासून त्या अजून सकाळी तिघांची कॉफी करतात आणि यजमान राममूर्तीराव दोन पेले पितात. त्यांना रात्री झोप येत नाही आणि कॉफी कमी करा असं बायकोला सांगवत नाही. मला हसू आलं. माझ्याकडे अद्वय गेल्यावर तेच पोळ्यांचं झालं होतं, रोज दोन-तीन जास्त. कुत्री मागे का लागायची, आता कळलं ना?

बेसंत नगरला शेवटची कमान दिसली. खाली रबरी चटई अंथरलेली, पलीकडे ऊर्मी आणि अद्वय. आणि चटईच्या काठाशी येऊन आम्ही दोघी थांबलो. त्या म्हणाल्या, "मान वरमायेचा, आधीं तुम्ही." आता इतकी माणुसकी करून झाल्यावर मी कशी पुढे जाणार? मी म्हटलं, तुम्ही वयाने मोठ्या, आधी तुम्ही. त्या म्हणाल्या छे. मी म्हटलं, मग मीही इथेच उभी. मागून येणारे येऊन आमच्यावर आपटायला लागले. अद्वय कपाळाला हात लावून उभा, शिट्टीवाला पोरगा शिट्टी फुंकतोय, घड्याळ पळतंय आणि आमचं चाललंय, तुम्ही, नाही तुम्ही. शेवटी त्या शिट्टीवाल्याने पाठीवर हात ठेवून दोघींना एकदम ढकललं. आणि वन्सं, मी शपथेवर सांगते, माझं पाऊल आधी पडलं. जोडव्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

गळ्यात पदक पडलं (बुटांच्या शेजारी). मी मनात पाळण्याला दोर बांधत होते, तेवढ्यात ऊर्मीने मोबाइल काढला. वन्सं, त्या नंबराच्या कागदामागे एक पट्टी असते. सुरुवातीलाही तशीच चटई असते, आणि तुमचा पाय तिच्यावर पडला की तुमचं घड्याळ सुरू होतं. तुमचं, सगळ्यांचं नाही, आणि नंबर त्यावरच लागतो. मी पहिल्या रांगेत, माझं घड्याळ भोंग्याबरोबर सुरू. विहीणबाई सगळ्यात मागे, त्यांची पाळी येईतो इकडे चहा उकळून गाळून झाला असता. पोचलो बरोबर, म्हणून वेळ त्यांचा कमी. ऊर्मी म्हणाली, "अम्मा फर्स्ट." मी दोरीखालून वाकले नसते, तुमचं ऐकून वरमाय म्हणून पुढे मिरवले नसते, तर आज नातवंड आवडीला जन्माला येत होतं.

फुकट मिळालेल्या डब्यातल्या इडल्या खाल्ल्या. विहीणबाई शेजारी बसून माझ्या तळव्यातले खडे काढत होत्या आणि अगदी हळू आवाजात त्यांनी मला एक गोष्ट विचारली. मी हो म्हटलं.

बाकी सर्व क्षेम आहे. भावजींना नमस्कार, गुंडोला आशीर्वाद, आणि दाढ एकदाची काढून टाका.

तुमची भावजय,
कल्पना

ता.क. त्यांनी विचारलं ते असं, की बाळंतपणात तुम्हीही तिरुवल्लिकेणीला राहायला या, मला एकटीला झेपायचं नाही. तेव्हा चैत्रापासून मी तिकडे. तुमच्या भावाला दूध तापवता येत नाही. त्यांच्या जेवणाखाणाला तुम्ही आवडीला यायचं आहे, दोन-तीन महिने. गाडीचं तिकीट अद्वयने काढलं आहे, म्हणून विचारत नाही, कळवते आहे.

आणखी एक. येताना आपला पाळणा आणा. सासूबाईंनी तो तुम्हाला गुंडोपुरता दिला होता आणि गुंडो आता दाढी करतो. जिन्यावरून चढणार नाही हे मला माहीत आहे. गच्चीवरून दोराने वर घ्यायचा असं विहीणबाईंनी आणि मी मिळून ठरवलं आहे.

शेवटचं. पुढच्या पोंगलच्या शर्यतीत ऊर्मीने तुमचंही नाव घातलं आहे. नाही म्हणू नका, पत्रात तुम्हाला बोलता येत नाही. बूट बोटाशी रुंद घ्या, आणि मान म्हणून पुढे उभ्या राहू नका. पुढे विहीणबाईंना आणि मला उभं राहायचं आहे. दोघींना एका रांगेत, फोटोत दिसेल असं.