बोकड बोलायला लागला

१९ नोव्हेंबर १९८६, बुधवार

आनंदाची बातमी. फर्गस परत येतोय. १० डिसेंबर, बुधवार, रात्री आठ वाजता. नाताळचा खास कार्यक्रम, नवाकोरा, अर्ध्या तासाचा. आजच्या पेपरात टीव्हीच्या पानावर खाली कोपऱ्यात छापलंय. इतकी मोठी बातमी कोपऱ्यात का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

फर्गस म्हणजे कार्टूनमधला बोकड. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा हे लिहायची गरज नव्हती, पण लिहून बरं वाटलं. लाल मफलर घालतो, दिसेल ते खातो आणि एक अक्षर बोलत नाही. बोलत नाही यातच त्याची सगळी कला आहे. लग्न झाल्यापासून दर डिसेंबरला मी आणि व्हर्नाने त्याचा जुना कार्यक्रम सोफ्यावर बसून पाहिलाय. अठरा वर्षं. एकदाही चुकवला नाही. गेल्या वर्षी तिला ताप होता, तरी पाहिला.

व्हर्ना सप्टेंबरपासून बफेलोला तिच्या बहिणीकडे, आयोनकडे आहे. हवापालट. आता इथे ईरीला जी सरोवराची हवा तीच बफेलोला, पण बहिणीची सोबत असते. फर्गससाठी ती येणारच. प्रश्नच नाही.

निश्चय: घर लखलखीत करणे. पोट कमी करणे. व्हर्नाला आपणहून फोन न करणे. तिलाच करू दे.

२० नोव्हेंबर

फोन केला. बातमी द्यायची होती, त्यामुळे हा निश्चयात धरायचा नाही.

आयोनने उचलला. म्हणाली, व्हर्ना कामावर गेलीय. कापडाच्या दुकानात लागलीय म्हणे. वेळ जावा म्हणून असणार. निरोप ठेवला: दहा तारीख, आठ वाजता, फर्गस. आयोन म्हणाली, लॉयड, तीन महिन्यांनी फोन करतोयस आणि निरोप बोकडाचा? म्हटलं, जसाच्या तसा दे.

आयोनला विनोदबुद्धी कमीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

घर आवरायला घेतलं. शिवणाच्या खोलीपासून सुरुवात. तिथे आवरण्यासारखं काही नाही, कारण शिवणयंत्र व्हर्ना घेऊन गेलीय. हिवाळ्याचा कोटही. सप्टेंबरात कोट नेला, याला म्हणतात दूरदृष्टी. मांजरही नेलंय. त्यालाही हवापालट हवाच होता, फार सुस्तावलं होतं.

रिकाम्या खोलीत थोडा वेळ उभा राहिलो. मग दमलो म्हणून आवरणं थांबवलं.

जेवण: अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीतलं गोठवलेलं. पोटासाठी चांगलं, कारण दुसऱ्यांदा घ्यावंसं वाटत नाही. दुसऱ्यांदा घेतलं.

२५ नोव्हेंबर

एक जबरदस्त कल्पना. घरचा टीव्ही लहान, आणि डाव्या बाजूला सगळं हिरवं दिसतं. नवा फर्गस असा बघणं म्हणजे अपमान. दुकानात खिडकीत ठेवलेला लाकडी कपाटाचा मोठा सेट एका रात्रीसाठी घरी आणायचा. मी तिथे अकरा वर्षं टीव्ही विकतोय, एवढा हक्क आहे.

मालकाला, मर्लला, विचारलं. तो म्हणाला, प्रुइट, तुला या महिन्यात सेट विकायला सांगितलेत, उचलून न्यायला नाही. मग म्हणाला, बोकडासाठी? मी म्हटलं, व्हर्ना येतेय. तेव्हा त्याने माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाला, बरं, ने. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत परत.

मर्लला त्याच्या बायकोसकट आमंत्रण दिलं. बघतो म्हणाला. म्हणजे येणार.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

व्हर्नाला बफेलोहून निघता आलं नाही. तसं ती काही बोलली नाही, पण बर्फ होतं, हे उघड आहे. रस्ते मोकळे होते, पण बर्फ मनातही असतं. (हे वाक्य चांगलं जमलंय.)

शेजारचा म्हातारा कास्प्रझाक जेवायला बोलवायला आला. बायको गेल्यापासून एकटाच असतो. त्याला सोबत व्हावी म्हणून गेलो. सणाच्या टर्कीऐवजी कोंबडी आणि पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेले पोलिश पिठाचे उंडे, लोण्यात परतलेले. मी भरपूर खाल्ले, म्हाताऱ्याला वाईट वाटायला नको.

जेवताना व्हर्नाची गोष्ट निघाली. कास्प्रझाक काटा खाली ठेवून म्हणाला, लॉयड, पोरा, कोट नेला, ठीक. मांजर नेलं, तेही ठीक. पण ज्या बाईने शिवणयंत्र जिन्यावरून खाली उतरवलं, ती हवा खायला गेलेली नसते.

मी हसलो. विधुर माणूस. बायकांची त्याची माहिती फार जुनी झालीय.

त्यालाही दहा तारखेचं आमंत्रण दिलं. त्याने विचारलं, बोकड काय करतो? मी जुन्या कार्यक्रमातला चर्चच्या घंटेचा दोर खाण्याचा प्रसंग करून दाखवला. पूर्ण. त्याने मध्येच उठून भांडी विसळायला घेतली. ऐकत होता मात्र.

१ डिसेंबर

दुकानात निरोप: ड्राव्हो नावाच्या वकिलाचा फोन येऊन गेला, बफेलोहून. बहुधा व्हर्नाच्या मामांची इस्टेट. मामा बरेच दिवस आजारी होते. चांगली गोष्ट आहे, स्वयंपाकघराचं छत करून घेता येईल. सावकाश फोन करू. मयताच्या मागे लगेच धावणं बरं दिसत नाही.

४ डिसेंबर

व्हर्नाचा फोन. तिने आपणहून केला, म्हणजे माझा निश्चय सफल.

आवाज छान होता तिचा. भरून आल्यासारखा. किंवा सर्दी. म्हणाली, आयोनकडून निघून तिने एक छोटी जागा घेतलीय, वरच्या मजल्यावर, कापडाच्या दुकानाजवळ. मी म्हटलं, आयोनचं घर लहानच आहे, सोयीचं होईल. ती म्हणाली, लॉयड, तुला ड्राव्होने फोन केला का? मी म्हटलं, मामांचं कळलं, वाईट झालं. ती म्हणाली, कोणते मामा?

तेवढ्यात तिच्या दारावर कोणीतरी आलं. मी घाईने दहा तारखेची आठवण करून दिली. ती म्हणाली, लॉयड. एवढंच. पण नाही म्हणाली नाही. आणि व्हर्नाला नाही म्हणायचं असलं की ती स्पष्ट नाही म्हणते, निदान मला तरी तसं वाटत आलंय.

छोट्या जागेत शिवणयंत्र खिडकीपाशी ठेवलंय म्हणाली. उजेड चांगला येतो म्हणे. आमच्याकडे त्या खोलीला खिडकी नाही. हे मला तिने कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल.

८ डिसेंबर

सगळी तयारी झाली. खुर्च्या चर्चच्या तळघरातून आणल्या, घडीच्या. दुकानातल्या रोंडाला आमंत्रण. ती म्हणाली, बुधवारी तिचा बोलिंगचा दिवस. म्हटलं, बोलिंग दर आठवड्याला असतं, फर्गस असा परत येत नाही. ती म्हणाली, येतो की, दर डिसेंबरला येतो, तू दर डिसेंबरला आम्हांला तो घंटेचा प्रसंग करून दाखवतोस. म्हणजे लोकांच्या लक्षात राहतंय.

पोट: तसंच. पण निळा स्वेटर घातला की दिसत नाही. निळा स्वेटर व्हर्नाने विणलेला.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळी

दाढी केली. बर्फ पडतंय, पण बारीक. बफेलोकडचा रस्ता चालू असल्याचं रेडिओवर सांगितलं. दोनदा ऐकलं.

सेट आला. मी आणि दुकानाचा ड्रायव्हर घसरत घसरत घेऊन आलो, कास्प्रझाकने दार धरलं आणि सूचना दिल्या. चित्र काय सुंदर आहे. हवामान सांगणाऱ्याच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतो.

सोफ्यावरची व्हर्नाची बाजू मोकळी ठेवलीय. उशी झटकून.

त्याच दिवशी, सायंकाळी सात

मर्लचा फोन. बायकोचं डोकं दुखतंय. रोंडाचा फोन नाही, म्हणजे ती बोलिंगला. हरकत नाही. कमी माणसं असली की विनोद नीट ऐकू येतात. कास्प्रझाक आलाय, बुटांचं बर्फ गालिच्यावर. गाडीचे दिवे खिडकीवर पडले की मी उठतो. आतापर्यंत सगळ्या शेजाऱ्यांच्या गाड्या.

त्याच दिवशी, कार्यक्रमानंतर

जसं झालं तसं लिहितो.

फर्गस बोलतो.

पहिल्याच मिनिटाला. बर्फातून घसरत आला, उभा राहिला, आमच्याकडे बघून म्हणाला, नमस्कार दोस्तांनो, पाहिलंत ना कसा घसरलो? कुठल्यातरी विशीतल्या पोराचा आवाज. मफलर गेला. पायांत खेळाडूंचे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. चित्रं अशी, की तो चालतो तेव्हा पाय हलतात, बोकड हलत नाही. मागून तेच झाड पुन्हा पुन्हा जातं. मी स्वतःशी म्हटलं, सुरुवात आहे, रंगेल.

मग काही खाईना. नाताळचं झाड समोर, आणि बोकड त्याच्याकडे बघून मुलांना सांगतो, पूर्वी मी हे खाल्लं असतं, पण आता मी भाज्या खातो. गाजर खाल्लं. एक गाजर. सोबत त्याची भाची, ती यंत्रमानव आहे. बोकडाची भाची यंत्रमानव कशी, हे कोणी विचारलं नाही. तिच्याबरोबर नाच झाला. मग जाहिराती. मग मैत्रीवर गाणं.

सगळ्यांत वाईट म्हणजे, जे एकदोन बरे विनोद होते त्यांच्या आधी तो सांगायचा की आता गंमत होणार आहे. आणि झाल्यावर सांगायचा की ती का गमतीची होती. माणसाला गप्प बसून हसू देत नव्हता. इतका राग आला की हातातली मक्याच्या लाह्यांची वाटी खाली ठेवली.

कास्प्रझाक एकदाच मनापासून हसला, दाढीच्या ब्लेडच्या जाहिरातीला. नंतर म्हणाला, याच्यासाठी दोन माणसांनी कपाट उचललं? मी म्हटलं, जुना वेगळा होता, त्यात तो बोलत नव्हता. म्हातारा कोट चढवत म्हणाला, हो, थँक्सगिव्हिंगला तू बोलत होतास. दारात थांबून माझ्या खांद्यावर हात ठेवला. उद्या ये जेवायला, म्हणाला. मग गेला.

व्हर्ना आली नव्हती. हे वर लिहायला हवं होतं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

फोन केला. तिच्या नव्या जागेचा नंबर आयोनने दिला, काही न विचारता.

मागे यंत्राचा आवाज येत होता, मग थांबला. म्हटलं, पाहिलास? ती म्हणाली, काय? म्हटलं, फर्गस. ती म्हणाली, आज होता का? विसरले रे. सुझीच्या, म्हणजे दुकानातल्या मैत्रिणीच्या, मुलीचा झगा पूर्ण करतेय.

मी सगळं सांगितलं. बूट, गाजर, भाची. बोकड बोलतो, हेही. ती ऐकत राहिली. म्हटलं, तू असतीस तर तुलाही फार वाईट वाटलं असतं.

व्हर्ना म्हणाली, लॉयड, मला तो बोकड कधीच आवडला नाही.

म्हटलं, अठरा वर्षं बघितलास की.

ती म्हणाली, तुझ्याकडे बघायचे. पहिली एकदोन वर्षं तू इतका हसायचास की मला तेच पुरायचं. मग तू मला सांगायला लागलास. आता बघ हं. आता दोर खाणार. हसलीस का? का नाही हसलीस? आणि हे फक्त बोकडाचं नव्हतं रे. सूप असो, सिनेमा असो, माझ्या आईचं दुखणं असो. मी काही बोलायच्या आधी तू मला काय वाटतंय ते सांगून मोकळा व्हायचास.

रागावली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

मग म्हणाली, माझे मामा तू सैन्यात होतास तेव्हाच वारले. ड्राव्हो माझा वकील आहे. कागदांवर तुझी सही हवीय. भांडायचं नाहीये मला. उद्या त्याला फोन करशील?

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, जेवलास का?

मी म्हटलं, हो. जेवलो नव्हतो.

११ डिसेंबर

सेट परत नेला. मर्लने कसा झाला कार्यक्रम विचारलं. छान झाला म्हटलं. व्हर्नाबद्दल त्याने विचारलं नाही, आणि काचा पुसायचं माझं काम त्याने स्वतः केलं.

ड्राव्होला फोन केला. सज्जन माणूस वाटला. सोमवारी जायचंय.

रात्री कास्प्रझाककडे. पिएरोगी. फार बोलणं झालं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

दुकानात नाताळची गर्दी. दुपारी एक बाई आली, साधारण पन्नाशीची, एकटी, ओल्या टोपीत. मोठ्या सेटपुढे उभी राहिली. पडद्यावर काहीतरी जुनं विनोदी चाललं होतं, एक माणूस शिडीवर चढत होता. मला ते पाठ आहे. शिडी मोडते, मग तो रंगाच्या बादलीत पडतो.

मी तिच्याजवळ गेलो, सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. बाजूला उभा राहिलो.

शिडी मोडली. बाई हसली. चांगली मोठ्याने हसली, तोंडावर हातमोजा धरून. मग तो बादलीत पडला, तेव्हा आणखी हसली. माझ्याकडे एकदा पाहिलं तिने. मी मान हलवली.

कार्यक्रम संपेपर्यंत उभी होती. मग टोपी नीट केली आणि काही न घेता गेली.

मर्ल काउंटरवरून बघत होता. म्हणाला, प्रुइट, गिऱ्हाईक अर्धा तास सेटपुढे उभं, आणि तू एक शब्द बोलत नाहीस?

घसा बसलाय म्हणून सांगितलं.

घसा बसलेला नाही.