विबेने बूट घालून पोहावं म्हणून

मी, सीत्स्के होइटिंगा, राहणार ग्राऊ, फ्रीसलँड, अविवाहित, निवृत्त जलतरणपटू, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाविना, सकाळचं पोहणं आणि कॉफी उरकून लिहीत आहे. माझ्या प्रकृतीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी उद्या पहाटे तरणतलावावर यावं.

कलम एक. युरोपीय स्पर्धेतलं रौप्यपदक आणि बाकीची सगळी पदकं गावच्या क्लबला द्यावीत. काचेच्या कपाटात ठेवू नयेत, पोरांना हाताळू द्यावीत. 'सुवर्ण थोडक्यात हुकलं' अशी पाटी लावू नये. त्या दिवशी मी उत्तम पोहले. ती हंगेरीची मुलगी त्याहून उत्तम पोहली.

कलम दोन. संघाचा कोट. तो पुरुषी मापाचा होता. मी तक्रार केली तेव्हा आमचे प्रशिक्षक कोइस्त्रा म्हणाले, "लग्न झालं की पाणी सोडशीलच, कोट कशाला हवाय?" शेजारीण बाउक्येने तो तिच्या चेरीच्या झाडावर पाखरं हाकायला टांगावा. कोइस्त्रांच्या घरातून तो नीट दिसेल.

कलम तीन. कालव्याकाठचं घर माझा भाचा विबे यास मिळावं, मात्र एका अटीवर. आपल्या या कालव्यांच्या देशात प्रत्येक पोर मिळवतं ते पोहण्याचं प्रमाणपत्र त्याने मिळवावं: कपडे-बूट घालून पाण्यात उडी, मग पाण्याखाली आडव्या लावलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे. विबेकडे ते नाही, आणि ही गोष्ट तो गावापासून लपवत आला आहे.

नोटरी डाउमा म्हणाले, "बाई, लोक हसतील."

"हसू देत. एकदा रडून झालंय."

कारण नोंदवून ठेवते. विबेचे वडील, माझा धाकटा भाऊ शूर्द, माझ्याहून वेगात पोहायचा. पण तो कालव्यात उघड्या अंगाने शिकला, परीक्षेला कधी बसलाच नाही. नोव्हेंबरात बोटीवरून उतरताना त्याचा पाय घसरला. अंगात लोकरीचा कोट, पायात गमबूट. मी सगळी पदकं पोहण्याच्या पोशाखात जिंकली, पण त्या पोशाखात कुणी चुकून पाण्यात पडत नाही. शूर्दची मला अजून रोज आठवण येते. त्यानंतर वहिनीने विबेला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. मी तिला दोष देत नाही.

पण यंदा माझ्या वाढदिवसाला सगळे खुर्च्या गोलात मांडून बसले असताना विबेने जाहीर केलं की त्याने जुनी बोट घेतली आहे, आणि बायको व छोटी लेक फेन्ना यांच्यासह तो त्या बोटीवर राहायला जाणार.

"आणि पोहायचं काय?" मी विचारलं.

"आत्या, बोटीवर माणूस पाण्याच्या वर राहतो. आत नाही."

सगळे हसले. आपल्याकडे कॉफीबरोबर एकच बिस्किट घ्यायची रीत. मी डब्यातून दुसरं घेतलं, तेव्हा मी किती चिडले आहे ते घरच्यांना कळलं.

कलम चार. अट पाळली नाही तर घर क्लबचं. माझ्या हयातीत पाळली तर घर त्याच दिवशी विबेच्या नावे करावं. मी माडीवर राहीन. तेव्हा विबे, माझ्या मरणाकडे डोळे लावून बसू नकोस. मोठ्यांचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी असतो. शिकवायला मीच आहे.

ग्राऊ, ४ एप्रिल २०१७
सही: सीत्स्के होइटिंगा

साक्षीदार:
१. बाउक्ये पोस्टमा, शेजारीण
२. आल्ट्ये होइटिंगा, विबेची आई. सही करण्यापूर्वी हिने विचारलं, "त्या वर्गात माझ्या वयाची बाई चालेल का?" चालेल, असं मी सांगितलं आहे.