डावीकडचा पिवळा दिवा

सोम. ५ जाने.
स्टिअरिंगमागे अगदी डाव्या कोपऱ्यातला टायरच्या हवेचा पिवळा दिवा आज परत. वाघोलीला कॉलेजात पोचेपर्यंत डोळे वटारून बसला होता. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी. पंपावर भरली, विझला, घरी येईतो पुन्हा हजर. सकाळी हीच गाडी घेऊन अप्पा ईराला शाळेत सोडून येतात, म्हणून त्यांना विचारलं. म्हणाले, "माझ्या वेळी नाही लागत. गाडी माणूस ओळखते, सूनबाई." सुहास बापाच्या बाजूनं हसला. दोघांनाही दुपारची उरलेली खिचडी वाढली.

गुरु. ८ जाने.
टायरवाल्याकडे. रिमला मार बसलाय, फूटपाथला घासलंय, आतला सेन्सर गेलाय म्हणे. वर मलाच, "मॅडम, डावीकडे जरा लक्ष ठेवत जा." मी?! नवा सेन्सर टाकून आणला. घरी अप्पा पेपरावर करवादत होते. हल्ली ओळी अर्ध्यातूनच सुरू करतात, छापताना कुणी वाचत नाही का, वगैरे. रिमचं सांगितलं तर मान वर करून, "तू मोबाइलवर बोलत चालवत असशील." असा संताप आला. भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

मंगळ. १३ जाने.
नव्या सेन्सरवरही दिवा. आणि पुन्हा फक्त मी बसले की. अप्पा रोज आल्या आल्या जाहीर करतात, "आजही लागला नाही." टायरवाला म्हणतो, मध्येच लागतो मध्येच जातो अशा फॉल्टला काय करणार. सुहास म्हणे, तुझा पाय जड आहे. आता मलाच वाटायला लागलंय की माझंच काहीतरी...

शुक्र. १६ जाने.
ईराच्या शाळेत पालकसभा, म्हणून सकाळी मी पण निघाले. मी मागे मधोमध, ईरा तिच्या जागेवर, अप्पांच्या शेजारी. गाडी सुरू झाली तशी दिव्याकडेच बघत होते. ढळढळीत लागलेला. विझायचं नाव नाही.
"अप्पा, दिवा?"
खाली बघितलं. चांगलं बघितलं. "कुठाय? सांगितलं ना, माझ्या वेळी लागत नाही."
मला वाटलं थट्टा करताहेत.
तेवढ्यात ईरा, "आजोबा, डावीकडे रिक्षा." अप्पांनी ब्रेक दाबला. पुढे, "डावीकडे स्कूटर." मग, "आजोबा, एक आजी मध्ये आल्या, थांबा." अगदी सुरात, पाढे म्हणावेत तसं. विचारलं, हे काय चाललंय?
"आमचा गेम आहे, आई. डावीकडचं मी सांगायचं, उजवीकडचं आजोबा बघतात."
"कुणी काढला?"
"आजोबांनी. दिवाळीनंतर."
आरशात अप्पांची नजर माझ्या नजरेला भिडली. त्यांनी काढून घेतली.
गाडी तिथेच बाजूला घ्यायला लावली. पुढे मी चालवली. पालकसभेत बाई काय बोलल्या, एक अक्षर आठवत नाही.
अकरा वर्षांची पोर. रोज सकाळी. आणि जाताना ती, पण येताना? येताना तर अप्पा एकटेच...

संध्या.
ओरडले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "तुम्हाला माहीत होतं!"
"माहीत नव्हतं गं. शंका होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हटलं."
मग म्हणाले, "शाळेची फेरी गेली तर मी दिवसभर करू काय?"
त्यांचं ताट वाढलं. पण माफ नाही केलं. आज तरी नाही.

शनि. १७ जाने.
डोळ्यांचे डॉक्टर. ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी. उजवीकडे टकटक टकटक. डावीकडे शांतता. दोन्ही डोळ्यांनी तेच. मी शेजारी बसून मनात दाबा, दाबा म्हणत होते.
डॉक्टर म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत. दोष मेंदूत. मागे कधीतरी लहानसा झटका येऊन गेला असणार, कळलाही नसेल. डावीकडे अंधार दिसत नाही, ती बाजू नसतेच, त्यामुळे माणसाला चुकल्यासारखं वाटत नाही. सोमवारी एमआरआय. गाडी आजपासून बंद.
सुहास पांढरा पडला. "पण त्यांना लांबचा सिग्नल दिसतो हो," हेच दोनदा. डॉक्टरांनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं.

सोम. १९ जाने.
एमआरआयमध्ये तेच निघालं. औषधं सुरू. वेळेत कळलं म्हणताहेत. त्या पिवळ्या दिव्याचे उपकार, सुहास म्हणाला. मीही मान डोलावली, जरा बरं वाटायला लागलं होतं.
जेवताना अप्पा घास तसाच हातात धरून म्हणाले, "एकदा आवाज झाला होता."
डिसेंबरात. ईराला सोडून येताना, भाजीवाले बसतात त्या कोपऱ्यावर. डावीकडून धप्प झालं. खड्डा असेल वाटलं. "आरशात बघितलं मी. उजव्या."
थांबले नाहीत. कुणी ओरडलं का? "काचा बंद होत्या. थंडी होती ना."
कुणालाच जेवण गेलं नाही. सुहास म्हणाला, "फूटपाथच असेल. रिमला मार बसलाच आहे ना! आता उकरून काढू नका." मलाही फूटपाथच हवा आहे. देवा, फूटपाथच असू दे.

गुरु. २२ जाने.
कॉलेजातून आले तर अप्पा शर्ट घालून, बूट चढवून बसलेले. "मला त्या कोपऱ्यावर ने. सुहासला विचारू नकोस."
नेलं. आयुष्यभर दुकानदारांशी तिरकंच बोललेला हा माणूस एकेका गाड्यापुढे हात जोडून उभा राहिला. "माझ्या गाडीनं इथं कुणाला लागलंय का हो? मागच्या महिन्यात?" मला कुठे बघावं कळेना. एक फळवाला म्हणाला, "काका, इथं रोज कुणाला तरी लागतं. तुम्ही नेमकं कधीचं म्हणता?" अप्पांना दिवस सांगता येईना.
शेवटी एक मेथीवाल्या मावशी. "लिंबंवाली बसायची माझ्या शेजारी. डिसेंबरात एकदा आली, मग आलीच न्हाई. लागलं का गावाला गेली, मला ठाव न्हाई. तिचा भाऊ येतो रविवारी, त्याला इचारा."
"कुठं बसायच्या त्या?" अप्पांनी विचारलं.
मावशींनी हात केला. "ही काय, हितं."
अप्पा समोर बघत राहिले, मग उजवीकडे. मावशी त्यांच्याकडे बघायला लागल्या. मी खांद्याला धरून त्यांना डावीकडे वळवलं. दोन गोण्यांच्या मधली रिकामी जागा. किती वेळ बघत होते.
"रविवारी येऊ," म्हणाले.
हो म्हटलं. सुहासला अजून सांगितलेलं नाही.