बिनशब्दांची आठ पानं

रहिमतपूर, ४ सप्टेंबर १९९४. सकाळी सव्वासात. शेवटच्या पानावर शाई भरत होतो.
साताऱ्याच्या रद्दीत मिळालेलं ते परदेशी चित्रांचं पुस्तक पुन्हा उघडलं. एकही अक्षर नाही. माणूस जिना चढतो, जिन्याची नदी होते, त्याला नवल वाटत नाही. स्वप्नात वाटत नाही तसंच. दर वेळी गोष्ट निराळी. अर्थ सांग म्हणून माझ्यासारख्या दहावी नापासाला कुणी उभं करत नाही.
माझी आठ पानं त्याच धर्तीवर. माणूस घरातून निघतो, उसात शिरतो, उसाचं पाणी होतं, तो बुडत बुडत आभाळात जातो. उद्या सांगलीला पाठवायची, दिवाळी अंकासाठी.

९ सप्टें.
अंकाच्या संपादकांचा शेजारच्या दुकानात फोन. "चित्रं बरी आहेत, पण खाली दोन-दोन ओळी टाका. वाचकाला कळायला नको?" नको म्हणायचं होतं. बघतो म्हणालो.

१० सप्टें.
कच्ची चित्रं घरी दाखवली. फौजेतला दादा काश्मीरहून सुट्टीवर आलाय. हसला. "लेका, ह्यो तर मीच. नाक बघ की!" खरंच मनात नव्हतं. आई पहिलंच चित्र धरून बसली.
"उंबरा वलांडताना येतो म्हनत्यात. ह्यो बोललाच न्हाई."
"आई, यात कुणीच बोलत नाही."
"मग परत कवा येतो?"
शेवटचं पान तिने उलटून पाहिलं. मागे कोरं.

११ सप्टें.
आई धड जेवली नाही. दादा म्हणतो, "लिही की रं येक शब्द. काय बिघडतंय?" एक लिहिला की स्वप्न मोडलं. आणि न लिहिता दादाला तिकडे काही...
दुपारी सुचलं. सुखरूप परत यावा म्हणून निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. पहिल्या चित्रात तेवढं रेखाटायचं. उद्या पहाटेच सांगली.

१२ सप्टें.
सांगली, विश्रामबाग. संपादकांच्या टेबलावरच काढलं. दारातून बाईचा हात, माणसाच्या तळव्यावर दही.
"चुना का हा?"
वाटीही काढली.
"आणि ओळी?"
"नको, साहेब."
"बघू मग." छापतील असं वाटत नाही.
घरी आलो तर दादाची ट्रंक नाही. सकाळी तार आली, सुट्टी रद्द. दुपारच्या गाडीने गेला.
आई म्हणाली, "तुजी लय वाट बघितली त्येनं." मग, "काडलंस?"
"हो. हातावर दही घातलं."
ती चुलीकडे वळली. "आज इरजण लागलंच न्हवतं रं."
निघताना दादा 'येतो' म्हणाला का, ते आईला विचारायचं आहे. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आलो.