अर्जाचं दुसरं पान

खालापूर,
ता. २४ मार्च १९७७

ती. मार्थाअक्का हिस,
याकोबचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे बातमी एकच आहे. पदू सुटला. दहिवलीचा पदू, माझ्याबरोबर रसायनीला कारखान्यात असतो तो. कामगारांच्या सभेत बोलला म्हणून आणीबाणीत उचलून नेला होता तो. सोळा महिन्यांनी परवा घरी आला.

मी रजा टाकून दहिवलीला गेलो. ताशे, गुलाल, नव्या सरकारचा जयजयकार, सगळं होतं. जनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायावर पाणी घातलं आणि सगळ्या गावादेखत ती रडली. म्हाताऱ्या म्हणत होत्या की सावित्री आहे गं पोर. मी पेंढ्याच्या उडवीशी उभा होतो. पदूनं हात जोडत नजर फिरवली, ती माझ्यावरूनही फिरली. शंभर जणांना केला तोच नमस्कार मला.

अक्का, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण घरी येऊन मी भात टाकला तो करपेपर्यंत जनीच्या ओल्या डोळ्यांचाच विचार करत बसलो, आणि तो विचार चांगला नव्हता. लोक म्हणतात, आता सगळे सारखे. बघू.

प्रकृतीला जप आणि या वेड्यावर माया ठेव.
तुझा,
याकोब


भिसेगाव, कर्जत,
ता. ३० मार्च १९७७

चि. याकोब यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मुलींना मराठी शिकवते त्याला वीस वर्षं झाली, पण तुझ्या पत्राचा आशय काही मला काढता आला नाही. मित्र सुटला, त्याची बायको रडली, यात तुझा भात करपायचं कारण काय? जनीवर तुझं मन गेलंय की काय, अशी भलती शंका येऊन मी पाळकसाहेबांच्या उपदेशाकडे लक्षच दिलं नाही. तसं असलं तर आत्ताच सांग. परक्याची बायको, तीही गावातली. तुझं हाड शाबूत राहायचं नाही.

नसलं तर दुसरी गोष्ट ऐक. मिशनच्या दवाखान्यात एक नर्स आली आहे. तीस वर्षांची, शांत, हार्मोनियम वाजवते. तू आता तेहतिशीचा झालास. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, बाबा इंजिनावर दिवसचे दिवस बाहेर. तुझ्या शर्टाची बटणं मी लावली, तुझ्यासाठी मी माझं काय काय पुढे ढकललं ते तुला माहीत आहे. आता निदान एक भावजय तरी मला दाखव.

ईस्टरला येतोयस ना? नर्सबाईंना जेवायला बोलावते. नवा सदरा घालून ये, कोपरावर विरलेला नको.

देव तुझं रक्षण करो.
अक्का


खालापूर,
ता. १२ एप्रिल १९७७

ती. अक्का हिस,
सलाम वि. वि.

ईस्टरला आलो नाही, रागावली असशील. येऊन त्या भल्या बाईसमोर खोटेपणानं बसवलं नसतं. समोरासमोर सांगायचं धैर्य नाही, म्हणून लिहितो.

माझं मन जनीवर नाही. पदूवर आहे. बाईविषयी मला तशी ओढ कधीच वाटली नाही. वाटली ती पुरुषाविषयी, आणि गेली सहा वर्षं या एकाच पुरुषाविषयी. त्यालाही माझ्याविषयी तेच आहे. त्याचं लग्न आधीच झालेलं होतं. यापेक्षा सरळ शब्द मला येत नाहीत, आणि जे शब्द लोकांना येतात ते तुझ्या कानावर पडू नयेत.

तुरुंगात भेट फक्त नातेवाइकांना. जनी कधी एकटी कल्याणच्या पुढे गेलेली नव्हती, म्हणून दर महिन्याला मी तिला घेऊन जायचो. ती आत जायची आणि मी फाटकासमोर चिंचेखाली बसायचो. बाहेर आली की मी विचारायचो, कसा दिसतो, जेवतो का. ती सांगायची तेवढा पदू माझा. तिनं त्याचा हात धरला असेल या विचारानं मी परतीच्या एस.टी.त तिच्याशी बोलायचो नाही. बिचारी मला शेंगदाणे द्यायची. असा मी जळका माणूस आहे.

एकदा न राहवून तिनंच विषय काढला. म्हणाली, की भाऊजी, मला समदं ठावं हाय, तुमी घरी यायला लागलात तवापासनं ठावं हाय, तुमी उगा तोंड फिरवू नका. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

देवाशी माझं भांडण नाही, अक्का. मी प्रार्थना करतो तेव्हा तो ऐकतो असंच मला वाटतं. भांडण आहे ते कायद्याशी. दंडविधानात आमच्यासारख्यांसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा लिहिलेली आहे. नवं सरकार काळे कायदे पुसायला निघालंय, म्हणून मी दोन पानी अर्ज केला आहे. पहिल्या पानावर, आपल्यासारख्या धर्म बदललेल्या गरीब घरांना सवलती द्याव्यात ही मागणी. दुसऱ्या पानावर, ते कलम काढावं आणि आमच्यासारख्यांना इतरांसारखं जगू द्यावं ही मागणी. पदूची आता नव्या पक्षात ऊठबस आहे. त्यानं अर्ज खासदारांच्या हातात द्यायचं कबूल केलं आहे.

उत्तर दिलं नाहीस तरी समजून घेईन.
तुझाच,
याकोब


भिसेगाव,
ता. ५ जून १९७७

याकोब यास,
आशीर्वाद.

जवळजवळ दोन महिने लिहिलं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चारही कागद फाडले. तुझं पत्र मी चुलीत घातलं; भीतीनं घातलं, रागानं नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, तो सांगते.

पवित्र शास्त्रात काय लिहिलं आहे ते मला ठाऊक आहे, तुलाही आहे. त्यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. मला तेवढं कळत नाही. पण जनीला ठाऊक! सहा वर्षं त्या बाईला ठाऊक, आणि मी, जिनं तुला गोवरात मांडीवर घेऊन सात दिवस काढले, ती हार्मोनियम वाजवणारी नर्स शोधत हिंडते! तिनं शेंगदाणे दिले ते तू लिहितोस. मी काय दिलं नाही तुला? आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाप कोणतं, पुण्य कोणतं, हे मनात आलंच नाही. एवढंच येत होतं, की माझ्या भावाचं मन दुसरीच कुणी वाचून बसली.

हे लिहून जरा हलकं वाटलं. नर्सबाईंना मी सांगितलं की भाऊ लग्न करणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. शहाणी आहे.

अर्जाचं काय झालं?
अक्का


खालापूर,
ता. २१ ऑगस्ट १९७७

प्रिय अक्का हिस,
तुझ्या भावाचा सलाम वि. वि.

अर्जाचं झालं ते सांगतो. मागच्या आठवड्यात दिल्लीहून छापील उत्तर आलं. धर्मांतरितांच्या सवलतींबाबतचा आपला एक पानी अर्ज मिळाला, तो संबंधित खात्याकडे पाठवला आहे. एक पानी! हसशील, पण मला त्या पहिल्या पानाचाही हेवा वाटला. ते निदान दिल्ली बघून आलं.

मी तडक दहिवलीला गेलो. पदू सभेला निघाला होता, पांढराशुभ्र झब्बा, दारात जीप. त्यानं नजर चुकवत सांगितलं, की दुसरं पान त्यानं दिलंच नाही. म्हणाला, की देशावर एवढं मोठं संकट येऊन गेलं, त्यात आपलं हे कुठं मांडायचं. पंचायत समितीला त्याचं नाव चाललंय, लोक काय म्हणतील. मी विचारलं, की सोळा महिने मी चिंचेखाली बसलो तेव्हा लोक काय म्हणतील असं मी म्हटलं होतं का. जीपवाल्यानं हाक मारली तसा तो गेला.

जनी भात लावून नुकतीच आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तिनं सांगितलं, की ते पान त्यानं आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जाळलं, तिनं डोळ्यांनी पाहिलं. मग शेजारी बसून म्हणाली, की भाऊजी, आता त्यो तुमचाबी नाय आन् माजाबी नाय, सभेचा हाय. आम्ही दोघंही हसलो, अक्का. एवढी वर्षं मी जिच्यावर जळलो तीही माझ्याइतकीच जळत होती, आणि आता दोघं मिळून एका जीपवर जळतोय.

ते दुसरं पान मी पुन्हा लिहिलं आहे, खाली माझं नाव आणि पत्ता घालून. सोबत त्याचं न चिकटवलेलं पाकीट आहे. आडनाव तुझंही तेच, नोकरी शाळेतली. म्हणून ठरवायचं तू. वाचून पेटीत टाक, नाहीतर फाडून टाक. मी विचारणार नाही.

काही झालं तरी मला परकं करू नकोस.
याकोब


भिसेगाव,
ता. ३ सप्टेंबर १९७७

चि. याकोब यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पान वाचलं. तू शेवटी लिहिलं होतंस, की सरकारनं आमच्यावर दया करावी. ते मी खोडून न्याय करावा असं लिहिलं. पदूसारखाच मीही तुझ्या अर्जाला हात लावला, माफ कर. पण दया मागायची तर ती देवाजवळ, सरकारजवळ नाही. मग सबंध पान माझ्या अक्षरात स्वच्छ उतरवलं, कारण तुझे र आणि स दिल्लीत कुणाला लागायचे नाहीत. शेवटी तुझ्या नावाखाली दोन ओळी माझ्या घातल्या आहेत. हा माझा सख्खा भाऊ आहे, तो लिहितो ते खरं आहे, आणि त्याला शिक्षा करायची तर त्याला वाढवणारीलाही करावी. खाली सही, मार्था शलमोन पाटोळे, शिक्षिका. काल रजिस्टर केलं. एक नक्कल तुझ्यासाठी सोबत आहे.

शाळेत कळलं तर कळेल. भीती वाटते, नाही म्हणत नाही. पण एक सांगू? तुझी ही सगळी पत्रं वाचताना मलाच तुझा हेवा वाटला. एकेचाळीस वर्षांची झाले. ज्याच्या एका नजरेसाठी जळत बसावं असा माणूस माझ्या वाट्याला आला नाही. तुझ्या आला. मोडका का होईना.

येत्या रविवारी ये. जनीला घेऊन आलास तरी चालेल. तिला बघायची मला उत्सुकता आहे, आणि थोडा राग अजून आहे.

तुझी,
अक्का


खालापूर,
ता. १८ डिसेंबर १९७७

ती. अक्का हिस,
नाताळच्या आगाऊ शुभेच्छांसह सलाम वि. वि.

दिल्लीहून काही आलं नाही. रजिस्टरची पोच तेवढी तुझ्याकडे आली, त्यावर कुणाची तरी गिचमिड सही, एवढंच आपलं सरकार. मी आता वाट बघत नाही असं म्हणतो आणि पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकून उठतो.

पण काल दुपारी पदू आला. जीप नाही, पायी, चौकापासून. पंचायत समितीला दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं, ते जनीकडून कळलं होतं. मी चहा ठेवला. तुझ्या अक्षरातली नक्कल टेबलावर होती, ती त्यानं उचलली. हळूहळू बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. तुझ्या सहीपाशी थांबला. मग विचारलं, की बहिणीला इथं का घेतलंस. मी म्हटलं, की ती आपण होऊन आली. त्यावर तो म्हणाला, की ही जागा माझी होती, तिनं का घ्यावी. असा चिडला, अक्का, कान लाल झाले, चहा तसाच राहिला. मी सांगितलं, की कागदावर खाली अजून जागा आहे. त्यानं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. सही केली नाही. शेवटच्या एस.टी.ला मी त्याला सोडून आलो.

त्याचं काय होईल, आमचं काय होईल, मला माहीत नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा तो जळला, तेही तुझ्यावर. मला इतकं बरं वाटलं की येताना वाटेत मी भजन म्हणत आलो.

नाताळला येतो. जनी करंज्या करून देते म्हणाली आहे.

तुझा, अजून वेडा,
याकोब