उदबत्तीचा धूर

शनिवार, संध्याकाळ. रिछाई, माझं गॅरेज.

या इंटरकूलरची खरी किंमत: माझे तीन रविवार, बोटांची सालटं आणि आता जीवाला लागलेला घोर.

ठाकरेभाऊंची गाडी घाटात दम तोडायची. म्हणून टर्बोची गरम हवा थंड करायला मोठा इंटरकूलर लावला, वर पंखा. आज त्यांना ऐटीत म्हटलं, "माझा कान म्हणजे मीटर. पंख्याचा आवाज ऐकूनच सांगतो, काम पक्कं."

गाडी न्यायच्या वेळी, पंखा चालू असतानाच, वहिनींनी पुढच्या जाळीसमोर उदबत्ती ओवाळली. धूर माझ्याच तोंडावर आला.

"धूर झोंबला का भैया?" वहिनी हसल्या. मीही हसलो. गाडी गेली.

पण धूर बाहेर काहून आला? पंख्यानं तर आत ओढायला पाहिजे. वारा असेल? शेडमध्ये कुठला वारा! तेव्हाच काहून बोललो नाही? चारचौघांत लाज वाटली, दुसरं काय. उद्या हेच दोघं घाटातून नागपूरला निघणार, वहिनींच्या ऑपरेशनसाठी.

शेवटी फोन केला. "भाऊ, गाडी परत आणा."

"काहून? कानाला काही ऐकू आलं का?"

दोघं गाडी घेऊन आले. पंखा उलटा फिरून राहिला होता. तारा अदलाबदल केल्या, पुन्हा उदबत्ती धरली. धूर आत गेला.

पंख्याचा आवाज मात्र आधी होता तसाच.