आठ वारांचा किल्ट

१ नोव्हेंबर १८८६
आज फार खुशी. पाद्रीबाबाने शिकवलेली अक्षरं आज कामाला आली, हे लिहायलाच हवं. माझा नातू लिनो आता साहेबांच्या बँडात ड्रम वाजवणार! ठाण्याच्या रेल्वेतला तो मॅकफी साहेब, लाल मिशांचा, म्हणाला की तीस तारखेला आमच्या सांत आंद्रूच्या सणाला वाजव, बरा वाजवलास तर कायमचा घेतो. अट एकच, किल्ट नेसायचा. किल्ट म्हणजे साहेबांच्या पुरुषांचं लुगडं. गुडघ्यापर्यंत, चौकटीचं. आमचंही गुडघ्यापर्यंत आणि चौकटीचंच. मग कुणी कुणाचं बघितलं? आणि सांत आंद्रू तर आमच्या देवळातला संत, यांचा कधी झाला? पण संशय घ्यायचा माझा स्वभावच नाही.

४ नोव्हेंबर
साहेबाने लिनोला नीट समजावलं. पहिलाच किल्ट आहे, भारी नको. लोकर नको, घामाने मरशील. बेंबीशी बांध, गुडघ्याच्या मध्यावर सोड. पुढे सपाट, चुण्या मागे. लाजू नको, पहिल्या दिवशी मीही लाजलेलो. शिंप्याला दाखवायला आपल्या मेलेल्या बापाचा किल्टसुद्धा दिला. एवढा गोड का वागतो? त्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे का, विचारलं. लिनो म्हणाला, "आजी, घरात एक कुत्रा आहे फक्त."
चुण्या मागे म्हणे! जन्मभर लुगडं नेसले, चुण्या पुढेच असतात. पोराची थट्टा चाललीय.

७ नोव्हेंबर, रविवार
देवळात मिस्सा झाल्यावर आनंदा शिंप्याकडे गेलो. म्हणतो, आठ वार लागतील. गुडघ्याएवढ्या फडक्याला आठ वार! म्हटलं, आनंदा, उरल्यात बायकोची चोळी शिवणार काय रे? तर म्हणतो, "आजीबाय, सगळं चुण्यांत जातं."
लिनोच्या लग्नात नेसायला ठेवलेलं कोरं तांबडं लुगडं दिलं. पोट सैल ठेव सांगितलं, लग्नानंतर पोर अंगाने भरेल.
आजपासून आनंदावर पूर्ण विश्वास.

१० नोव्हेंबर
दुकानावरून सहज गेले. सकाळी, दुपारी.

१२ नोव्हेंबर
तीनदा. आनंदा म्हणाला, "आजीबाय, पाट देऊ, की बिछानाच आणताय?" खरा माणूस असा बोलत नाही.

२३ नोव्हेंबर
आनंदाचं नमुन्याचं काम झालं, म्हणून साहेबाचा किल्ट मीच घरी आणला. तिकडे ठेवला तर आनंदाने बदलला असता. सून जॉर्जिना म्हणाली, "आई, उद्याच्या उद्या परत पाठवा." पाठवणारच की.

२४ नोव्हेंबर, दुपार
युक्ती सुचली. साहेबाच्या किल्टाच्या चुण्या उसवून कापड मोजायचं. आठ वार नसलं की आनंदा पकडला! मग टाके परत घालायचे, त्यात काय.

तिन्हीसांजा
मोजलं. आठ वार, वर एक वीत. आनंदा खरा निघाला. मला ठाऊक होतंच.
चुण्या उद्या घालते.

२६ नोव्हेंबर
चुण्या बसत नाहीत. चौकटीवर चौकट येत नाही. विलायतेचं कापडच कच्चं.

२८ नोव्हेंबर
बसल्या. पुढे घातल्या, आमच्यासारख्या. आधीपेक्षा छान दिसतो. घडी करून, फडक्यात बांधून ठेवला. लिनोला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल. साहेबाला कळायचंसुद्धा नाही.

३० नोव्हेंबर
साहेबाला कळलं.
बापाचा तो किल्ट साहेब वर्षातून एकदाच, आजच्या सणाला नेसतो. लिनो सकाळी गाठोडं घेऊन गेला, साहेबाने उलगडलं. ओरडला नाही म्हणे, खाटेवर बसून बघत राहिला. मग लिनोने अंगावरचा नवा किल्ट सोडून त्याला दिला. पोट सैल ठेवलेलं ना, साहेबाला अगदी बरोबर बसला. सगळे विचारत होते, इतका सुरेख कुणी शिवला.
विजारीत बँडात उभं राहता येत नाही. ड्रम दुसऱ्याने वाजवला. साहेब म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. लिनो जेवला नाही.
आनंदा येऊन माझ्या लुगड्यातली उरलेली चिंधी देऊन गेला. म्हणाला, "चार बोटं आहे, आजीबाय."
चार बोटंच आहे. दोनदा मोजली.